कफ निगेटिव्ह, मग दम कशाचा? तुरुंगातला एचआयव्ही रुग्ण आणि जुनाट फुफ्फुसविकार

प्रश्न एका कारागृह वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आहे, थोडक्यात असा: ४६ वर्षांचा शिक्षाबंदी. बरीच वर्षं एआरटीवर (एचआयव्हीची औषधं), सध्या दुसऱ्या फळीची औषधं: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि ॲटाझानाव्हिर-रिटोनाव्हिर. व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) आढळत नाही, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ४८०. टीबीचा कोर्स दोनदा पूर्ण झालेला. वीस वर्षं बिडी, रोज एक बंडल. दीड वर्षापासून खोकला, सकाळी कफ, जिना चढताना दम. सीबीनॅट (टीबीसाठी कफाची चाचणी) दोनदा निगेटिव्ह. एक्स-रेवर उजव्या बाजूला वर जुने चट्टे. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलच्या रोटाकॅप (यंत्रातून ओढायच्या कॅप्सूल), डेरिफायलिन (दम्याची गोळी) आणि आम्लपित्ताचं पॅन्टोप्राझोल चालू आहेत. हल्ली तोंड सुजल्यासारखं दिसतं, हातपाय मात्र बारीक झालेत. परत एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करावी का?

उत्तर

डॉक्टर, एकेटीला तूर्त हात लावू नका. त्याआधी सुजलेल्या तोंडाकडे बघा. या रुग्णाला आज सर्वांत मोठा धोका दम्याचा नाही आणि टीबीचाही नाही, तो आहे रोटाकॅपचा.

रिटोनाव्हिर यकृतातलं जे एन्झाइम दाबून ठेवतं, त्याच एन्झाइमने रोटाकॅपमधलं स्टेरॉइड, बुडेसोनाइड, शरीरात मोडलं जातं. ते मोडलंच नाही, तर ओढून घेतलेलं स्टेरॉइड फुफ्फुसापुरतं राहत नाही, रक्तात साठत जातं. काही महिन्यांत तोंड गोल होतं, पोट सुटतं, दंड-मांड्या झिजतात, कातडीवर निळे डाग पडतात, साखर आणि रक्तदाब चढतात. फ्लुटिकासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचं हेच होतं, किंबहुना त्याच्या बाबतीत जास्त ठळक. त्याच्या जोडीला येणारं साल्मेटेरॉलही रिटोनाव्हिरबरोबर नको, हृदयाच्या ठोक्यांचा घोळ होतो. रिटोनाव्हिरच्या जागी वापरतात त्या कोबिसिस्टॅटलाही हे सगळं लागू आहे.

पण घाबरून रोटाकॅप आजच्या आज बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्याने त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. एकदम तोडलं तर उलट्या, अशक्तपणा, बीपी पडणं, आणि बॅरक बंद झाल्यावर रात्री कोसळणं असं होऊ शकतं. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल आणि साखर, सोडियम, पोटॅशियम करून घ्या. रिपोर्ट घेऊन एआरटी सेंटर आणि फिजिशियनशी बोला. बहुधा तोंडावाटे स्टेरॉइड देऊन ते सावकाश उतरवावं लागेल आणि ग्रंथी जागी झाल्याची पुन्हा तपासणी करावी लागेल. मधल्या काळात ताप, जुलाब किंवा ऑपरेशन आलं, तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलीग्रॅम शिरेतून द्यायचं, ही सूचना त्याच्या केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा. रात्रपाळीच्या कंपाउंडरला फाइल चाळायला वेळ नसतो.

आता एकेटी का नको ते. एकेटीतलं मुख्य औषध रिफाम्पिसिन सुरू केलं की ॲटाझानाव्हिरची पातळी कोसळते. या दोन गोळ्या एकत्र चालतच नाहीत, रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन द्यावं लागतं. ‘बघू तरी सहा महिने देऊन’ म्हणून नेहमीची एकेटी दिली, तर टीबी नसलेल्या माणसाचा दाबात ठेवलेला एचआयव्ही मोकळा सुटेल, तोही आधीच दुसऱ्या फळीवर असलेल्या माणसाचा. डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधावर असलेल्या रुग्णाचं गणित सोपं असतं: रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत बारा तासांनी ५० मिलीग्रॅमची जादा गोळी. म्हणून तुमच्या कारागृहात कोणता बंदी कोणत्या एआरटीवर आहे, याची यादी ओपीडीच्या टेबलावर हवी. एआरटीच्या गोळ्या समुपदेशक देतो आणि बाकीची औषधं कंपाउंडर, त्यामुळे दोन्ही कागद कुणी शेजारी ठेवून बघत नाही. बहुतेक चुका तिथेच होतात.

त्याच यादीमुळे पॅन्टोप्राझोलही लक्षात आलं असतं. ॲटाझानाव्हिर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. जेलच्या ओपीडीत अंगदुखीच्या गोळीबरोबर सवयीने ‘पॅन’ लिहिलं जातं, त्याने ॲटाझानाव्हिर कमी पडतं. ‘पॅन’ थांबवा. ॲटाझानाव्हिरने डोळेही पिवळसर दिसतात, फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढतं आणि यकृताची एन्झाइम्स ठीक असतात. एकेटीवर असलेल्या रुग्णात ही कावीळ समजून गोळ्या बंद केल्याची चूक फार होते.

डेरिफायलिनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते स्वस्त आहे, दुकानात सहज मिळतं आणि बंद्यांना ‘दम्याची गोळी’ म्हणून तोंडपाठ आहे, एवढीच त्याची पुण्याई. उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं. रिटोनाव्हिर, रिफाम्पिसिन आणि बिडीचा धूर तिन्ही ती पातळी खाली ओढतात. सिप्रोफ्लॉक्सासिन ती चढवतं. माणसाने बिडी सोडली की तीही चढते. मग धडधड, उलट्या, कधी फिट्स. पातळी मोजायची सोय तुमच्याकडे नाही, तेव्हा दुसरं औषध बसलं की हे काढून टाका.

टीबीचं काय, हा प्रश्न उरतोच. दोनदा टीबी झालेल्या आणि तुरुंगात राहणाऱ्या माणसात तो कायमचा निकालात काढता येत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या बंद्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे, बाहेरच्या प्रौढांत ते ०.२ टक्क्यांच्या जवळपास आहे. २०२२ अखेर देशातली कारागृहं क्षमतेच्या सुमारे १३१ टक्के भरलेली होती. अशा बॅरकमध्ये टीबी पुन्हा नव्याने लागू शकतो. म्हणून शोध चालू ठेवायचा, पण नीट. सीबीनॅट आणि तशीच ट्रूनॅट चाचणी जंतूचा डीएनए पकडतात, आणि मेलेल्या जंतूचा डीएनए उपचारानंतरही बराच काळ कफात सापडू शकतो. त्यामुळे आधी उपचार झालेल्या रुग्णात पुसट पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की लगेच उडी मारायची नाही. लक्षणं, जुना आणि नवा एक्स-रे, आणि लिक्विड कल्चर एकत्र ठेवून निर्णय घ्यायचा. तुमच्या रुग्णाचे दोन रिपोर्ट निगेटिव्ह आहेत, तरी दोन नमुने कल्चरला पाठवा. उत्तर यायला सहा आठवडे लागतील. क्षयेतर मायकोबॅक्टेरिया (टीबीच्या जंतूचे भाऊबंद) असतील तर तेही यातूनच कळतील. नमुना सकाळचा, खोलवरून काढलेला हवा. रांगेत उभं राहून हवालदारासमोर थुंकलेली लाळ चालणार नाही. कफ काढायला माणसाला उघड्या अंगणात, एकट्याला, पाच मिनिटं द्या.

आणि एक पथ्य: निदान होईपर्यंत लेव्होफ्लॉक्सासिनसारखी क्विनोलोन गटातली अँटिबायोटिक देऊ नका. टीबी असेल तर तो अर्धवट दबतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतात आणि जंतू त्या औषधाला सरावतात.

आता मूळ आजार. जेलमध्ये खोकल्याची फाइल ‘टीबी आहे का?’ या एकाच प्रश्नावर चालते आणि ‘नाही’ आलं की मिटते. खरं तर या रुग्णाची फाइल तिथून उघडायला हवी. त्याच्या फुफ्फुसात एकाच वेळी तीन-चार गोष्टी असू शकतात: बिडीमुळे आलेली सीओपीडी, म्हणजे कायमच्या अरुंद झालेल्या श्वासनलिका (एचआयव्हीमुळे ती कमी वयात आणि कमी बिड्यांत येते, व्हायरल लोड दबलेला असला तरी), टीबीच्या चट्ट्यांनी आखडलेलं फुफ्फुस, खराब होऊन रुंदावलेल्या श्वासनलिका म्हणजे ब्राँकिएक्टॅसिस, आणि जुन्या पोकळीत वाढलेली ॲस्परजिलस बुरशी. शेवटचे दोन आजार ‘पुन्हा टीबी’ म्हणून सर्रास खपतात.

तुमच्याच खोलीत बरंच कळेल. बोटांची टोकं बघा. ती फुगीर असतील तर नुसत्या सीओपीडीवर थांबू नका, सीओपीडीने नखं तशी होत नाहीत. ब्राँकिएक्टॅसिस, फायब्रोसिस किंवा कॅन्सर शोधा. दिवसभराचा कफ एका झाकणाच्या कपात गोळा करायला सांगून मोजा. रोज दोन-तीन चमचे पिवळट-हिरवा कफ आणि छातीत तळाला खरखर असेल, तर ब्राँकिएक्टॅसिस धरून चाला. कपात पाच टक्के फिनॉल घालून मगच टाकायचा. कफात रक्ताच्या रेषा, वजन उतरणं, तीन महिन्यांहून जास्त लक्षणं आणि एक्स-रेत पोकळीशेजारी जाड झालेलं आवरण किंवा आत गोळा दिसला, तर ॲस्परजिलस आयजीजी ही रक्तचाचणी मागवा. इथेही रिटोनाव्हिर आडवं येतं: बुरशीवरच्या इट्राकोनाझोलचा नेहमीचा डोस दिवसाला ४०० मिलीग्रॅम, पण रिटोनाव्हिरबरोबर २०० च्या वर शक्यतो जायचं नाही. तोही निर्णय तज्ज्ञाचाच.

फुंकीचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर काही शे रुपयांना मिळतो. तीनदा जोराने फुंकायला लावा, सर्वांत मोठा आकडा घ्या. मग श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार पफ स्पेसरने (इनहेलरला जोडायच्या पोकळ डब्याने) द्या, पंधरा मिनिटं थांबा, परत फुंकायला लावा. २० टक्क्यांहून जास्त वाढला तर दम्याकडे कल. १८० चे २०० झाले, तर अडथळा पक्का आहे, औषधाने फारसा हटत नाही. आकडा बरा आला म्हणून सीओपीडी नाही असं मात्र म्हणू नका, ते स्पायरोमेट्रीच सांगेल: औषधानंतर पहिल्या सेकंदाची हवा भागिले एकूण हवा, आणि हा भागाकार ०.७० च्या खाली.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवा, बोटाला ऑक्सिमीटर लावा, हातांचा आधार न घेता एक मिनिटात जितक्या वेळा उठता-बसता येईल तितक्या वेळा करायला सांगा. ऑक्सिजन ४ किंवा त्याहून जास्त अंकांनी घसरला, तर बसलेल्या माणसाच्या ‘९६’ वर विसंबू नका. ही चाचणी नव्याने आत आलेल्या, कधी एचआयव्ही तपासणी न झालेल्या कच्च्या कैद्यात जीव वाचवते. कोरडा खोकला, दोन-तीन आठवड्यांचा वाढता दम, एक्स-रे जवळपास साफ आणि चार पावलांत ऑक्सिजन घसरतो, हे न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाचं, म्हणजे प्रतिकारशक्ती फार घसरल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाचं, चित्र. तुमच्या रुग्णात सीडी-४ ४८० असल्याने ती शक्यता फार मागे आहे.

सिव्हिलला पाठवायचं तर पोलीस गार्ड मिळेल तो एकच दिवस, म्हणून एका फेरीत सगळं उरका. एआरटीची तारीख, स्पायरोमेट्री, छातीचा साधा एचआरसीटी (सीटी स्कॅन), इको, कॉर्टिसॉल आणि ॲस्परजिलसचं रक्त एकाच दिवशी लावून घ्या. स्पायरोमेट्रीआधी सहा तास साल्ब्युटामॉल आणि बारा ते चोवीस तास फॉर्मोटेरॉलसारखं लांब पल्ल्याचं औषध घ्यायचं नाही, ही चिठ्ठी आदल्या संध्याकाळी त्याच्या हातात द्या. पण इनहेलर खिशात असू द्या, गाडीत दम लागला तर घ्यावा लागेल. सगळ्या जुन्या फिल्म्स बरोबर पाठवा. चट्टा पाच वर्षांपूर्वी होता तसाच असेल तर तो व्रण, वाढला असेल तर आजार. जुनी फिल्म नसली की ज्युनिअर डॉक्टर हमखास एकेटी लिहून परत पाठवतो.

औषध काय द्यायचं? सीओपीडी ठरली तर टायोट्रोपियम १८ मायक्रोग्रॅमची एक कॅप्सूल रोज ओढून, आणि जोडीला फॉर्मोटेरॉल. टायोट्रोपियमची एआरटीशी अडचण नाही. काचबिंदू आणि लघवी अडण्याची तक्रार तेवढी विचारा. ओढायच्या स्टेरॉइडचा उपयोग ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ३०० च्या वर आहेत किंवा ज्यांना दमाही आहे, त्यांना मुख्यतः होतो. टीबी होऊन गेलेल्यात त्याने न्यूमोनिया आणि टीबीचा धोका वाढतो, म्हणून तिथे हात आखडताच ठेवायचा. रिटोनाव्हिर बदलता येत नसेल आणि स्टेरॉइड द्यावंच लागलं, तर बेक्लोमेटासोन. बदलता येईल का, हा प्रश्न एआरटी सेंटरमार्फत राज्याच्या तज्ज्ञ पॅनेलकडे, म्हणजे एसएसीईपीकडे पाठवण्यासारखा आहे. डोल्युटेग्राव्हिर बसलं तर यातल्या निम्म्या गाठी सुटतात.

कॅप्सूल गिळणारे बंदी तुम्हाला दर आठवड्याला भेटतील. रोटाकॅप पाण्याबरोबर घेतली आणि ‘काही फरक नाही’ म्हणून तक्रार केली, असं सर्रास होतं. औषध लिहिताना यंत्र समोर वापरून दाखवा आणि पुढच्या वेळी त्याच्याकडून करून घ्या. दम लागलेल्या माणसाला स्पेसर हवा. तो नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्या, बुडाला इनहेलरचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडा, कड चिकटपट्टीने बंद करा. बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, एक पफ मारायचा, पाच-सहा संथ श्वास घ्यायचे, मग पुढचा पफ. दोन पफ एकदम मारले तर औषध बाटलीच्या भिंतीला चिकटून वाया जातं. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून हवेवर वाळवायची, फडक्याने पुसायची नाही, पुसलं की स्थिर विजेने औषध ओढलं जातं.

आता तुरुंगाचा खास अडथळा. इनहेलरमध्ये धातूचा डबा असतो म्हणून झडतीत तो काढून घेतात आणि ‘लागला की हवालदाराकडे माग’ सांगतात. संध्याकाळी गिनती होऊन बॅरक बंद झाल्यावर ते मागायचं कुणाकडे? आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप बंद्याच्या अंगावरच असायला हवा. अधीक्षकांच्या सहीचा लेखी आदेश घ्या, त्यात पंपाचं नाव, अनुक्रमांक आणि ‘रात्री जवळ ठेवण्याची परवानगी’ असं स्पष्ट लिहा. रिकामा पंप परत दिल्यावर नवा द्यायचा, म्हणजे गैरवापराची शंकाही उरत नाही. बॅरकमधल्या पहाऱ्याच्या बंद्याला एवढंच शिकवा: वाक्य पुरं बोलता येत नाही किंवा चार पफ घेऊनही वीस मिनिटांत आराम नाही, तर गेटवर ओरडायचं.

दम अचानक वाढला तर स्पेसरने ४ ते १० पफ, पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी. टीबीची शंका असेल तेव्हा नेब्युलायझर टाळा, बंद खोलीत तो जंतू सगळीकडे उडवतो. ऑक्सिजन मोजून द्या, ८८ ते ९२ टक्के पुरे. मास्क लावून नळी पूर्ण उघडली की जुन्या सीओपीडीच्या रुग्णात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो गुंगीत जातो. प्रेडनिसोलोन ४० मिलीग्रॅम पाच दिवस हा नेहमीचा कोर्स, पण रिटोनाव्हिरवर त्याचीही पातळी चढते, तेव्हा पाच दिवसांच्या पुढे रेटू नका. कफ पिवळा झाला तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम दोनदा, पाच दिवस.

ब्राँकिएक्टॅसिस निघाला तर गोळ्यांपेक्षा कफ काढण्याचं तंत्र महत्त्वाचं: संथ श्वास, मग तीन-चार खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून काच धुरकट करतो तसा ‘हा’ म्हणत दोन जोरकस उच्छ्वास. दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. वर्षात तीन किंवा त्याहून जास्त वेळा बिघडला तर दीर्घकाळ ॲझिथ्रोमायसिनचा विचार होतो, पण क्षयेतर मायकोबॅक्टेरिया नाहीत हे कल्चरने पाहूनच. रक्त भरपूर पडू लागलं तर ज्या बाजूचं फुफ्फुस खराब, त्या कुशीवर झोपवा, म्हणजे चांगली बाजू बुडत नाही. रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्या आणि गार्डची वाट न बघता ॲम्ब्युलन्स हलवा.

बिडी सुटल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही, आणि आत बिडी हे चलन आहे. ‘सोड’ म्हणून भागत नाही. निकोटिनचा च्युइंगगम देताना अडचण येईल, कारण गम कुलपात भरता येतो म्हणून सुरक्षावाले अडवतात. पट्टी चालते. बंद बॅरकमध्ये रात्रभर जळणारी डासांची कॉइल आणि संडास धुताना टाकलेलं ॲसिडही तितकंच त्रासदायक. त्याला खिडकीजवळची, संडासापासून लांबची जागा द्या, शक्यतो तळमजल्यावर. कामवाटपात सुतारकाम, यंत्रमाग आणि रंगकाम नको, हे लेखी कळवा. पण काम पूर्ण बंद करू नका. रोज वीस-तीस मिनिटं यार्डात चालणं आणि खुर्चीवर उठबस दोन महिने केली की दम खरोखर कमी होतो.

हे सगळं करताना त्याचा एचआयव्ही बॅरकला कळता कामा नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय माहिती उघड करणं आणि केवळ एचआयव्हीमुळे वेगळं ठेवणं दोन्ही निषिद्ध आहे. दूध-अंड्याचा जादा आहार सगळ्यांसमोर नाव पुकारून दिला की गुपित संपलं. तो ‘छातीच्या आजाराचा आहार’ म्हणून इतर दमेकऱ्यांबरोबर एकाच यादीत द्या. जागेच्या आणि कामाच्या पत्रातही ‘जुनाट फुफ्फुसविकार’ एवढंच लिहा.

कोर्टाने वैद्यकीय अहवाल मागितला तर ‘प्रकृती स्थिर’ एवढं लिहून मोकळे होऊ नका. हा रुग्ण शिक्षाबंदी आहे, पण कच्च्या कैद्याच्या जामिनाचा विचार करताना आजारी किंवा दुर्बल असणं हा मुद्दा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे. न्यायाधीशांना आकडे समजतात: बसून ऑक्सिजन किती, उठबसेनंतर किती, किती पावलांवर थांबावं लागतं, गेल्या वर्षात किती वेळा भरती, कोणती सोय कारागृहात नाही.

बदली किंवा सुटकेच्या दिवशी त्याच्याबरोबर निघायला हव्यात त्या वस्तू: एआरटीचं पुस्तक आणि ट्रान्सफरचा कागद, एक महिन्याच्या गोळ्या, भरलेला पंप, ती बाटली, सगळ्या फिल्म्स, आणि एका ओळीची चिठ्ठी: ‘रिटोनाव्हिरवर आहे. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, साल्मेटेरॉल, रिफाम्पिसिन, पॅन्टोप्राझोल देऊ नये.’ जामिनाचा आदेश बहुधा संध्याकाळी उशिरा येतो आणि माणूस अर्ध्या तासात गेटबाहेर असतो. म्हणून हे पाकीट आजच भरून ठेवा.